खुर्चीखालचा केर

मावशीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. साडेपाचला ती शाळेचं कुलूप काढायची आणि सातच्या आत जिना आणि चार वर्ग झाडून व्हायचे. खुर्ची सरकवून झाडायचं, खुर्चीभोवती झाडू फिरवून मोकळं व्हायचं नाही, हा तिचा नियम. कुणी बघत नसलं तरी. चौथीच्या वर्गात हे काम वाढलं होतं, कारण नव्या बाईंनी रांगा मोडून टेबलं जोडली होती आणि चौघाचौघांचे गट केले होते.

प्रत्येक गटात एक हुशार, दोन मध्यम आणि एक मागे पडणारं मूल. कागदावर बेत छान होता. खिडकीजवळच्या गटातला हुशार मुलगा म्हणजे ‘वकील’, दुसऱ्याला तोंड उघडू न देणारा. आणि मागे पडणारी ‘गोगलगाय’. नाव मुलांनीच ठेवलेलं. ती सावकाश बोलायची, त्याहून सावकाश लिहायची. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, महिनाअखेर हिच्या हातचं काम दिसलं नाही तर कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत बसवा.

दाराशी झाडताना मावशीने हे ऐकलं. तिची लेकही एकदा अशाच वेगळ्या खोलीत बसली होती. तिथून दहाव्या वर्षी घरी बसली, ती कायमची. मावशी झाडत राहिली.

झाडणाऱ्याला जमीन कळते. वकिलाच्या खुर्चीखाली रोज खोडरबराचा चुरा. बाकी दोघांखाली थोडाफार. गोगलगायीच्या खुर्चीखाली काही नाही. आधी मावशीला वाटलं, पोर अंग चोरते. अंग चोरणाऱ्यांचा तिला राग होता. म्हणून खडू द्यायच्या निमित्ताने ती तासाला दाराशी रेंगाळली. पोरीने तीनदा पेन्सिल उचलली. तिन्ही वेळा वकील म्हणाला, “राहू दे गं, मी करतो.”

सुट्टीत मावशी बाईंकडे गेली.

“बाई, त्या पोरीच्या खुर्चीखाली बारा दिवस कणभर केर नाही.”

“बरंच आहे की. तुमचं काम वाचलं.”

“तिचंही वाचलंय. तिघं कपाट उचलतात आणि चौथी नुसता हात लावून चालते. तिला धरायला जागाच ठेवली नाही कुणी.”

“म्हणजे आता मी केर बघून शिकवू, मावशी?”

“तुमच्याआधी मी बघते, म्हणून सांगितलं.”

बाई दोन दिवस खिडकीजवळचा गट बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी वकील आणि त्याच्यासारखे तिघं एकाच टेबलावर बसून एकमेकांचं डोकं खात होते. वकिलाच्या जागी एक अबोल मुलगा आला होता. अंगणाचा नकाशा काढायचा होता आणि मोजपट्टी गोगलगायीच्या हातात होती. मापं तिनेच वाचायची, तिनेच लिहायची. तिने लिहिल्याशिवाय कुणाला रेघ मारता येत नव्हती.

पहिल्या दिवशी बाकीच्यांनी टेबल बडवलं. दुसऱ्या दिवशी अबोल मुलाने पट्टीचं दुसरं टोक धरलं. चौथ्या दिवशीचा केर काढायला मावशी पहाटे वर्गात आली, तेव्हा मुलीच्या खुर्चीखाली चुऱ्याचा सडा होता. किती वेळा खोडलं असेल. मावशीने तेवढा तुकडा झाडला नाही. बाईंसाठी तसाच ठेवला.

महिनाअखेर मोठ्या बाई आल्या. नकाशात पाण्याची टाकी फाटकाबाहेर गेली होती.

“मापं कुणी लिहिली?”

मुलीने हात वर केला, सावकाश.

“टाकी मी चुकवली,” अबोल मुलगा म्हणाला. “तिचं माप बरोबर आहे.”

मोठ्या बाईंनी मापांचा कागद दोनदा वाचला. “सत्र संपेपर्यंत इथेच बसू दे हिला.”

मावशीला तेवढं पुरलं.

ती आणखी सहा वर्षं झाडत राहिली. निवृत्त झाल्यावर साठवलेल्या पगारातून तिने एक लांब टेबल आणि चार खुर्च्या घेतल्या. तिशीतली लेक आणि शेजारच्या तिघी त्यावर पुठ्ठ्याची खोकी करतात. कापायचं काम लेकीचं. तिचं कापून झाल्याशिवाय डिंकाची बाटली उघडत नाही. संध्याकाळी मावशी चारही खुर्च्या सरकवून झाडते.