उर्वशीच्या मुळाशी लोटाभर दूध

"बेन, आजे पांच पड्या," म्हणत भीखाभाईंनी ओंजळ पुढे केली. ओंजळीत पाच गुलाबी कळ्या होत्या. काल तीन होत्या, परवा दोन. भीखाभाई आमच्या ग्रीनहाऊसचे मुख्य माळी, एरवी तोंडाची टकळी बंद होत नाही. त्या सकाळी मात्र कळ्या माझ्या हातात ओतून ते तसेच झाडाकडे परत गेले.

झाड उर्वशीचं. मूळचं ब्रह्मदेशातलं. लाल फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. त्याला हवा दमट लागते, आणि आमच्या बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. बाहेर लावलं तर एका मे महिन्यात खलास. म्हणून पादरा रोडवर जयेशभाईंच्या फार्मवर ते ग्रीनहाऊसमध्ये, पाण्याच्या मोठ्या टाकीत वाढवलं होतं. टाकीच्या बुडाला भोकं पाडलेली, आत कोकोपीट म्हणजे काथ्याचा भुसा, वाळू आणि पालापाचोळ्याचं खत. एका भिंतीला ओले पॅड, समोर मोठे पंखे, वरून फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारे नोझल. आठ वर्षं मी त्या झाडाची ऊठबस केली, तेव्हा कुठे पहिल्यांदा कळ्या आल्या.

हा सगळा खटाटोप जयेशभाईंच्या आईसाठी होता. बांचा जन्म रंगूनचा. लहानपणी त्यांच्या अंगणात उर्वशी होती. आता बांना काचबिंदू होता, नजर दर वर्षी थोडी कमी होत होती. मला कामावर घेताना जयेशभाई म्हणाले होते, "नीलाबेन, बांना दिसतंय तोवर एकदा फूल दाखवा. बाकी मी काही विचारणार नाही." आणि खरंच, आठ वर्षं त्यांनी काही विचारलं नव्हतं. याचीच मला जास्त भीती वाटायची.

तर कळ्या गळत होत्या, पानं पिवळी पडून मान टाकत होती. मान टाकली म्हणजे पाणी कमी, असं कोणीही म्हणेल. मीही तेच म्हटलं! एमएस्सी हॉर्टिकल्चर, केस पांढरे व्हायला आलेले, आणि चूक ट्रेनी मुलीसारखी. पाणी वाढवलं, फॉगर वाढवले. दुसऱ्या दिवशी सात कळ्या पडल्या.

घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या माझ्या गल्लीत, घरी गेले तरी जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी पहाटेच फार्मवर पोचले, बाही वर केली आणि टाकीत कोपरापर्यंत हात घातला. आत गच्च ओल होती. हात बाहेर काढून वास घेतला. नासलेल्या दुधाचा वास.

तिथेच, टाकीच्या कठड्याला धरून उभी असताना, मला सगळं आठवलं.

पहिली कळी दिसली त्या दिवशी बा ग्रीनहाऊसमध्ये आल्या होत्या. मी मीटर घेऊन हवेतली ओल मोजत होते, कानाला फोन, पॅडवाला पलीकडून वाद घालत होता. बा म्हणाल्या, "बेन, में मानता राखी छे. फूल खुले त्यां सुधी रोज एक लोटो दूध रेडीश. चालशे ने?" मानता म्हणजे नवस; फूल उमलेपर्यंत रोज लोटाभर दूध झाडाला ओतायचं. मी मीटरवरची नजर न काढता म्हणाले, "चालशे, बा, चालशे."

जमिनीतल्या झाडाला लोटाभर दूध काय करणार? पण टाकीतली माती म्हणजे बंद डबा. दुधाचा साय-चिकटा तळाशी साठतो, भोकं बुजतात, हवा जात नाही, मुळं गुदमरून सडतात. त्यात वरून मी पाणी वाढवलेलं! पाच आठवडे बा रोज माझ्यासमोरून लोटा घेऊन जात होत्या आणि मी हात जोडून "जय श्रीकृष्ण, बा" म्हणत होते.

जयेशभाईंना फोन केला. म्हटलं, "झाड बाहेर काढून सडलेली मुळं कापावी लागतील. आजच."

"आणि फूल?"

"उरलेल्या सगळ्या कळ्या खुडाव्या लागतील. एवढ्याशा मुळांवर झाड फूल आणि जीव, दोन्ही धरू शकत नाही."

ते म्हणाले, "मी बांना घेऊन येतो."

दुपारी चेन पुलीने झाड उचललं. सहा माणसं लागली. झाड हवेत कलंडलं. टाकीच्या तळाला पांढरा, बुळबुळीत थर होता. वास आला तसं जयेशभाईंनी नाकाला रुमाल लावला.

"आ शुं छे? कोणे नाख्युं?"

भीखाभाई माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

"में," बा खुर्चीवरून म्हणाल्या. "दूध. मानता हती."

"कोने पूछीने, बा?"

बांनी मान वळवली. त्यांना तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढ्यात त्यांनी मला नक्की शोधलं. माझा जीव टांगणीला लागला. नोकरी, नाव, वीस वर्षांची कमाई, सगळं त्या म्हातारीच्या जिभेवर.

"कोईने नहीं," बा म्हणाल्या.

आणि मी गप्प राहिले. हे लिहितानाही लाज वाटते. गप्प राहिले, कात्री घेतली, काळी पडलेली मुळं कापली, कळ्या खुडल्या. बा शेवटची कळी हातात धरून बसल्या होत्या.

झाड तीन महिने काठीसारखं उभं होतं. रोज सकाळी दार उघडलं की मी आधी एकेक फांदी तपासायची. मग एका फांदीला लोंबती, तांबूस पालवी आली. भीखाभाई तर चक्क रडले.

फुलायला आणखी दोन वर्षं गेली. तोवर बांची नजर संपली होती. मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांनी घोस बोटांनी चाचपला, एकेक पाकळी मोजल्यासारखी. "पीळो टपको छे?" "आहे, बा." मला राहवेना. म्हटलं, "बा, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत. मी चालेल म्हटलं होतं. तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

बांची बोटं फुलावरच होती. "नाम लेती तो जयेश तने काढी मूकत," त्या म्हणाल्या. "पछी झाडने कोण जोत?"

मला काढलं असतं तर झाडाकडे बघायला कोणी उरलं नसतं; म्हणजे वाचवलं होतं ते झाडाला. मी आपली झाडाबरोबर फुकटात वाचले.

आता मी रिटायर होऊन बडोद्यातच वासण्याला राहते. सोसायटीतल्या बायका कुंड्यांबद्दल विचारायला येतात. कोणी "हे घातलं तर चालेल का?" म्हटलं, की मी हातातलं काम आधी खाली ठेवते.