जनरेटरची दृष्ट

आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. घरात नवी वस्तू आली की आत्यांना चैन पडत नाही. फ्रिज आला तेव्हा त्यांनी त्याच्या दारावर हळदीकुंकवाची बोटं उमटवली, ती अजून निघालेली नाहीत. मिक्सरला काळा दोरा बांधला, तो पहिल्याच चटणीत आत गेला. त्यामुळे नवऱ्याने जनरेटर घेतला तेव्हा पुढे काहीतरी होणार हे मी धरूनच चालले होते.

आमचं घर पारगावच्या बाजूला, उसाच्या मळ्यात. कारखाना सुरू झाला आणि तोड लागली की ऊस उघडा पडतो आणि त्यातले बिबटे वस्तीकडे सरकतात. नेमकी त्याच दिवसांत मळ्याची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. डीपी जळाली की नवी येईपर्यंत अख्ख्या मळ्यात अंधार. अंधारात गोठ्याकडे जायची सोय नाही. दोन-चार दिवस बॅटऱ्या घेऊन काढले, मग नवरा म्हणाला, "आता बास. जनरेटर आणतो."

दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, मशीन बाहेर मोकळ्यावर ठेवा, दारा-खिडक्यांपासून लांब, धूर घरात येता कामा नये. नवऱ्याने घरी येऊन तसंच सांगितलं. आत्या खवळल्या.

"बाहेर? आरं, शेरडू बाहेर ठेवत न्हाई आपण, आन् एवढं जनलेटर ठेवायचं? आन् रातच्याला बंद करायला कोण जायचं, बिबट्या?"

नवऱ्याने मशीन पुन्हा उचललं. जनरेटर पडवीत गेला. ती पडवी आम्ही बिबट्याच्याच भीतीने आदल्या वर्षी पत्रा ठोकून बंद केलेली, एक खिडकी तेवढी ठेवलेली. "धूर जाईल की तिथनं," नवरा म्हणाला आणि हात झटकून मोकळा झाला. मला पटलं नव्हतं. पण घरात लख्ख उजेड पडला, टीव्ही लागला, आणि न पटलेलं मी विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी नवरा डेअरीला दूध घालायला गेला. दिवस नुकता मावळला होता. घरात आम्ही दोघीच. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून फोन आला, बिबट्या आमच्या बांधाला दिसलाय, दारं लावून घ्या. आत्यांनी दारं लावली, खिडक्या लावल्या, आणि पडवीची ती एकुलती खिडकीही लावली. थंडी पडली होती. मशीनची ऊब छान लागते म्हणून त्या पडवीतच भिंतीला टेकून वाल सोलत बसल्या. मी मधल्या खोलीत भाकरी करत होते.

थोड्या वेळाने माझं डोकं ठणकायला लागलं. आत्या म्हणाल्या, "माझंबी. आन् मळमळतंय." दोघींनी एकदमच काय खाल्लं, ते आठवून पाहिलं. दुपारी वांगं होतं. वांग्यावर घालून भागेना, तेव्हा आत्यांनी डोळे बारीक केले.

"दृष्ट लागली. काल पलीकडची येऊन गेली न्हाई का? 'तुमचं काय बाई, घरात दिवाळी,' म्हणली. तवाच मला कळलं व्हतं."

झालं. त्या भिंतीला धरून उठल्या. भाकरीचा तुकडा, मीठ, मिरच्या हातात घेतल्या. आधी माझ्यावरून ओवाळलं, मग स्वतःवरून, आणि मग मोठ्या मायेने जनरेटरवरून. मला हसू आवरेना, पण हसलं की डोक्यात घण पडत होता.

"जा, बांधावर टाकून ये. टाकेपतूर बोलायचं न्हाई, मागं वळून बघायचं न्हाई."

"आत्या, बिबट्या आहे बाहेर!"

"दृष्ट घेऊन जाणाऱ्याला काय करत न्हाई तो," त्या म्हणाल्या. हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला असणार. पण वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं. बॅटरी घेतली आणि निघाले.

बाहेर गार वारा होता. पहिल्या चार पावलांत मी बिबट्याला हजार शिव्या घातल्या, मनातल्या मनात, कारण बोलायचं नव्हतं. अंगण संपेपर्यंत जीव जरा हलका वाटायला लागला. बांधाजवळ पोचले तर ठणका उतरत चाललेला. मनात आलं, आत्या म्हणजे कमाल आहे, टाकायच्या आधीच दृष्ट उतरली!

आणि मग आठवलं, कालसुद्धा असंच झालं होतं. घरात डोकं दुखत होतं, धार काढायला गोठ्यात गेले तर थांबलं, परत आले तर पुन्हा सुरू. गोठ्यात काय दृष्ट लागत नव्हती? दुकानदाराचं बोलणं आठवलं. धूर घरात येता कामा नये.

मी मागं वळून बघितलं.

घर उजेडाने न्हालेलं होतं. पडवीच्या बंद काचेतून आत्या दिसत होत्या. ओवाळायला उठल्या होत्या, त्या पुन्हा भिंतीशी बसल्या होत्या आणि मान छातीवर पडली होती. शेजारी जनरेटर धडधडत होता.

भाकरतुकडा कुठे पडला मला माहीत नाही. मी "आत्या! आत्या!" ओरडत धावले. दार उघडलं, श्वास कोंडून आत शिरले, त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढत अंगणाच्या पार टोकाला आणलं. बाई अंगाने चांगली भरलेली. एरवी मला उचलली नसती. पुन्हा आत जाऊन मशीन बंद केलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, आणि त्या काळोखात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बिबट्या आला असता तर मी त्यालाच फाडला असता, इतकी मी रडत होते.

तेवढ्यात नवऱ्याची गाडी आली. आम्ही त्यांना मंचरला नेलं. तिथे ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, म्हणून माणूस तिथेच बसून राहतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. आत्या सकाळी शुद्धीवर नीट आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "वाल सोलायचं राह्यलं."

आता जनरेटर अंगणाच्या लांबच्या टोकाला असतो, धुराचं तोंड शेताकडे. चोराच्या आणि पावसाच्या भीतीने नवऱ्याने त्याला वरून पत्र्याचा, बाजूंनी जाळीचा पिंजरा वेल्डिंग करून आणला. मशीन गार झाल्याशिवाय पेट्रोल ओतायचं नाही, हा आत्यांचा नवा नियम. इलेक्ट्रिशियनने वेगळा खटका बसवून दिला, म्हणजे आमची वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावरच्या वायरमनला बसणार नाही. रात्री बंद करायला आम्ही दोघं-तिघं मिळून बॅटऱ्या घेऊन, ताट वाजवत जातो. रस्त्याने जाणारे पिंजरा बघून हटकून विचारतात, "काय राव, पडला का बिबट्या?" आत्या ओट्यावरून ओरडतात, "पडलाय की! लई गुरगुरतोय, या बघायला!"

दृष्ट काढायचं मात्र त्यांनी सोडलेलं नाही. परवा पाण्याची नवी मोटर आली, तिच्यावरून ओवाळलं आणि तुकडा माझ्या हातात दिला.

"जा, टाकून ये," म्हणाल्या. मी दारापर्यंत गेले, तर मागून आवाज आला, जरा हळूच.

"आन् मागं वळून बघ गं."