स्वर्ग आधी, शिक्षा मागून

धारला ज्यांच्या घरी माझा सोमवारच्या जेवणाचा वार होता, त्या पुजारीणकाकूंनी मला वाचवले. हे आधी सांगून टाकतो. काय झाले ते मागून.

मराठी चौथीतच शाळा सुटली आणि राजापूरकडचा मी एका फिरत्या बायस्कोपच्या तंबूबरोबर माळव्यात येऊन पडलो. मुक्या चित्रातल्या माणसांच्या वतीने बोलायचे, हे माझे काम. पडद्याशेजारी काठी घेऊन उभा राहायचो, अर्धे मराठीत, अर्धे हिंदीत. धारला चित्र असे चालले होते की अमझेऱ्याहून लोक गाड्या जुंपून येत. कथा धार्मिक. पहिल्या रिळात सावकार तहानलेल्या साधूला लाथ मारतो, दुसऱ्यात आंधळा होऊन रडत त्याचे पाय धरतो, तिसऱ्यात विमानातून स्वर्गाला जातो. साधूच्या तहानेने आमच्या मालकांचे डोळे रोज भरून येत. ते पुसून झाले की दारातल्या बैराग्याला बिनतिकिटाचा म्हणून हाकलीत. मला त्यांनी बजावले होते, आणखी एक चूक झाली तर तंबू पुढे जाईल आणि तू इथेच राहशील. राजापूर कोणत्या दिशेला, हेही तेव्हा मला नीट सांगता आले नसते.

रिळांचे डबे क्रमाने काढून देणेही माझ्याकडेच. डब्यांवरचे आकडे मी कणकेच्या खळीने चिकटवले होते. उंदरांनी खळ खाल्ली, आणि तिच्याबरोबर आकडेही. अंदाजाने दिलेला दुसरा डबा तिसरा निघाला. सावकाराने लाथ मारली आणि लगेच विमान आले.

पुढून एक जण माळवीत म्हणाला, "कई भिया, लात मारी ने सीधो सरग?"

तंबू हसला. मालक दारापासून पडद्याकडे निघाले. माझी काठी वर, तोंड उघडे.

तेवढ्यात बायकांच्या पडद्याआडून काकूंचा आवाज आला. "हसता काय? मागल्या जन्मीचं पुण्य आहे ते. संपेपर्यंत बसू दे वर. मग देतात खाली ढकलून, लाथ फेडायला."

हसू थांबले. काहींनी हात जोडले. मी काकूंचेच बोल हिंदीत करून सांगितले. पुढच्या रिळात सावकार खरेच खाली होता, शिवाय आंधळा. तंबूभर हुंदके. मालक अर्ध्या वाटेत थांबून डोळे पुसू लागले.

सोमवारी ताटावर बसल्यावर मी काकूंना विचारले, हे कोणत्या पुराणातले?

"पुराण कुठलं रे? मालक निघाले होते ना तुझ्याकडे. जेव आता."

सध्या तंबू देवासला आहे. हाच क्रम ठेवायचा, शास्त्राला धरून आहे, असा मालकांचा हुकूम आहे. एका गावात दोन राजांच्या गाद्या, तेव्हा पुढच्या रांगेत कारकूनही दुप्पट. मान आधी, चौकशी मागून, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. डब्यांवरचे आकडे मात्र मी आता रंगाने काढतो, आणि तरीही खेळाआधी तीनदा पाहतो.

काकूंना नर्मदास्नानाची फार इच्छा आहे. कधीतरी गाडी करून त्यांना नेमावरला नेईन. स्नान झाले की घाटावर बसून ती सारी कथा नीट क्रमाने सांगेन. त्यांनी ती अजून तशी पाहिलेली नाही.