आईच्या खाटेजवळची ड्यूटी

मी गोळ्यांचं सांगून संपवलं की त्या काउंटरच्या काचेवर तळहात सपाट ठेवत आणि म्हणत, “आता मी सांगते, तुम्ही ऐका.” मग सकाळची कोणती, जेवणानंतरची कोणती, सगळं जसंच्या तसं परत. मी “बरोबर” म्हणेपर्यंत काचेवरचा हात निघायचा नाही. मागे गिऱ्हाईक ताटकळत असे. औषधाच्या दुकानात लोक अर्धं ऐकून पिशवी उचलतात आणि उरलेलं घरून फोन करून विचारतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. या बाईंचा फोन मला एकदाही आला नाही.

या आमच्या ताई नौदलातून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या होत्या. वडील जिनिंगमध्ये मजूर, आई कापूस वेचायला जाणारी, आणि पोरगी कोचीन, विशाखापट्टणम, मुंबई करून पुन्हा दारव्ह्यात आईजवळ राहायला आलेली. लग्न केलं नव्हतं. आमच्या गावातून समुद्र पाहायचा तर गाडीने एक दिवस जातो. त्यामुळे त्यांनी निदान पाणबुडी तरी चालवली असणार, अशी सगळ्यांची खात्री होती. कोणी विचारलं की त्या शांतपणे म्हणत, “नाही हो. मी बटाटे मोजले.” जहाजांना शिधा, कपडे, सुटे भाग पोचवण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. त्याची त्यांना गंमत वाटायची असा मला दाट संशय आहे.

त्यांचं घर माझ्या दुकानासमोर. त्यांची आई, आम्हा सगळ्यांच्या आजी, नव्वदीला टेकलेल्या, पायात जोर नाही, पण डोकं लख्ख. पडू नयेत म्हणून कोणीतरी सतत जवळ लागायचं. ताई कुठे जाणार असल्या की माझी बायको सुमन आजींजवळ बसायची, आणि तिथे नौदलाचा कायदा चालायचा. जाणाऱ्याने काय झालं, काय राहिलं ते सांगायचं. येणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं आणि शेवटी म्हणायचं, “ड्यूटी मी घेतली.” हे वाक्य ऐकल्याशिवाय जाणाऱ्याने जागा सोडायची नाही, आणि ऐकल्यावर रेंगाळायचं नाही. सुमन पहिल्या दिवशी हसली. महिन्याभरात ती मलाही दुकानाच्या गल्ल्यावर हेच म्हणायला लावू लागली.

मग एके दिवशी ताईंनी नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. औषधांची नावं वाचली आणि मी चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो. रक्ताचा कॅन्सर होता. त्यांनीच माझी सुटका केली. “भाऊ, हे मागवावं लागेल, माहीत आहे मला. आईला सांगितलंय, पेन्शनच्या कामाला नागपूरला जाते.”

त्यांचा धाकटा भाऊ वणीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा ताई नोकरीवर लांब होत्या. आईने एकटीने ते पाहिलं होतं. “एकदा पाहिलंय तिने. दुसऱ्यांदा नको. माझं काय व्हायचं ते होवो, मला तिच्या आधी जाता येणार नाही.” असं म्हणून त्यांनी गोळ्यांचं सगळं परत म्हणून दाखवलं आणि गेल्या. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

दीड वर्ष त्या नागपूरच्या खेपा करत राहिल्या. केस गेले तर डोक्याला रुमाल बांधून म्हणाल्या, उन्हाळ्यात बरं पडतं.

अशाच एका खेपेच्या दिवशी आमच्या हातून गोंधळ झाला. बाजाराचा दिवस होता. सुमन आजींजवळ बसली होती आणि तिला घरी कुकर लावायचा होता. आजी म्हणाल्या, जाय तू. सुमन म्हणाली, कोणाच्या हवाली करू? तेव्हा आजींनी पाठ ताठ केली, सकाळी जेवण झालं, गोळी झाली, दुपारचा चहा राहिला, असं सगळं नीट म्हणून दाखवलं आणि म्हणाल्या, “ड्यूटी मी घेतली.” आणि माझी बायको, जी मी सांगितलेलं एक ऐकत नाही, ती हे वाक्य ऐकून सरळ उठून घरी आली.

परत जाऊन पाहते तर खाट रिकामी. मी दुकान तसंच टाकून धावलो. जीपच्या अड्ड्यावर विचारलं, बुद्धविहारात पाहिलं. जीव नुसता टांगणीला लागला होता. ताईंना काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात.

आजी बाजारात सापडल्या, ऑटो करून आलेल्या, एका फळवालीच्या ताडपत्रीवर बसलेल्या. ओच्यात डाळिंबं. मला पाहून जराही दचकल्या नाहीत. शेजारी बसवून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “पेन्शनसाठी कोणी घडी घडी नागपूरले जाते काय, बाबू? माही पोरगी बिमार हाय. तिच्या अंगात रक्त राह्यलं नाही.”

मी त्यांच्या ओच्यातली डाळिंबं पिशवीत भरायला लागलो.

“तिले सांगू नोको मले समजलं म्हणून. मायले माहीत नाही, याच जोरावर उभी हाय ते पोरगी.”

मी हो म्हटलं. त्यांना हात धरून ऑटोत बसवलं. इतक्या घाबरलेल्या माणसाला इतकं बरंही वाटू शकतं, हे मला त्या ऑटोत कळलं.

संध्याकाळी ताई आल्यावर आजी कशा निसटल्या ते सुमनने रडत रडत सांगितलं. ताईंनी एकच विचारलं, “आईने वाक्य पूर्ण म्हटलं का?” पूर्ण म्हटलं, सुमन म्हणाली. “मग तुमची चूक नाही,” असं म्हणून ताई जे हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून कायद्यात भर पडली. ज्याच्यासाठी ड्यूटी आहे, त्याला ती घेता येणार नाही. डाळिंबं स्वस्त मिळाली म्हणून आणली, असं आजींनी सांगितलं. ताईंनी ती मुकाट्याने खाल्ली.

त्या थंडीत आजी गेल्या. दुपारी अंगणात उन्हाला बसल्या होत्या, ताई त्यांची वेणी घालत होत्या, आणि मान हलकेच कलली. विहारातली माणसं आली, वंदना झाली. मी जवळ गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, “भाऊ, जमलं.” इतका निवांत चेहरा मी स्मशानात कोणाचा पाहिला नाही. मलाही त्या दिवशी आनंदच झाला. लोक काय म्हणतील म्हणून तेव्हा बोललो नाही, आता बोलतो.

ताईंनी पुढे पावसाळा पाहिला. शेवटी हॉस्पिटल नको म्हणाल्या आणि घरीच राहिल्या. एका सकाळी मी सलाइनची बाटली बदलून निघालो होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, “भाऊ, एक खरं सांगा. आईला कळलं होतं का?”

इतक्या वर्षांत या बाईंना मी एका गोळीबद्दलही खोटं सांगितलं नव्हतं.

“नाही ताई,” मी म्हणालो. “आजींना काहीच कळलं नव्हतं.”

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे मिटले. सुमनने खिडकी ओढून घेतली. ताई त्या दिवशी दुपार उलटेपर्यंत गाढ झोपल्या.