कड्याकडे वळवलेला कर्णा

सभा कुणाचीही असो, कर्णे कर्णामामांचेच. 'तेलाची विहीर हवी'वाले असोत की 'विहीर नको'वाले, मामा दोघांकडे सारखेच हजर. मत विचारलं की म्हणायचे, "माझं काम आवाज वाढवायचं, त्यात भर घालायचं नाही." मामींसमोर मात्र हा आवाज कधी वाढला नाही. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना सगळं ठाऊक.

माईक तपासताना जग 'हॅलो हॅलो' करतं. मामा म्हणायचे, "ठमे, आलीस का?" ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, समुद्रापलीकडे तेलविहिरींवर इंजिनियर. लहानपणी मामा तिला गावाबाहेरच्या सरकारी माळावर न्यायचे. माळाच्या टोकाला उभा कडा. ती "बाबाऽ" म्हणून ओरडायची, कडाही "बाबाऽ" म्हणायचा, आणि मामा दोघांनाही ओ द्यायचे.

आता नेमकं त्याच माळाखाली तेल निघालं. माळ कंपनीला द्यायचा की गुरांपोरांना मोकळा ठेवायचा, यावर माळावरच सभा भरली. मामांनी कर्ण्यांची पाठ कड्याकडे केली. नाहीतर एकेक पुढारी दोनदा ऐकावा लागला असता.

"रस्ता होईल, दवाखाना होईल!" हवीवाल्यांचा पुढारी गरजला.

"पाणी नासलं की दवाखाना लागेलच!" मास्तरीणबाई उठल्या. "आणि सरकारी माळ म्हणजे सरकारचा नव्हे, सगळ्यांचा."

"मग सगळ्यांनी काय गवत खायचं, बाई?"

हशा पिकला. हात वर करायची वेळ आली, तसा पुढारी मामांच्या कानाशी लागला. "मामा, विहीर झाली तर ठमी इथंच कामाला लागेल की!"

जन्मात कधी बाजू न घेतलेल्या मामांचा हात वर गेला.

"काय हो मामा," बाई एवढंच म्हणाल्या.

हवीवाले थोडक्यात जिंकले. ठरलं: पहिली विहीर कडा फोडून त्याच्या पायथ्याशी, माळाला कुंपण. लोक पांगले. मामांनी लेकीला फोन लावला.

"ठमे, मी विहिरीसाठी हात वर केला. आता तू ये."

"बाबा, तुम्ही? आणि कडा?"

"कडा जाईल. तू येशील ना?"

"अर्ज करीन. घेतलं तर येईन हो." मग म्हणाली, "पण सुरुंग लावतील तिथं. मग मी हाक मारली तर बोलणार कोण?"

मामांनी हातातली वायर खाली ठेवली, एक कर्णा कड्याकडे वळवला आणि फोन माईकला टेकवला.

"आत्ताच मार."

"बाबाऽ!"

कडा म्हणाला, "बाबाऽ!"

खुर्च्या गोळा करणारे जागच्या जागी थांबले. मामांनी दोनदा ओ दिली. दुसरी जरा चिरकलीच. मग माईक बंद करायचं सोडून म्हणाले,

"अजून एकदा, ठमे."