रामकिशनचा सांजेचा ताप

राणीसावरगावच्या मुंजाजीला दोन लेकरं. थोरला रामकिशन, धाकटी धुरपता. दिवाळी झाली की मायबाप आणि रामकिशन ऊसतोडीला जायचे, आणि धुरपता परभणीला मावशीकडे राहून शिकायची. घरच्या शेळ्यांचं सगळं रामकिशन बघायचा. शेळी अडली, पोटात करडू मेलं, तर तोच हात घालून सोडवायचा.

विशीत त्याला तापानं धरलं. सकाळी अंग गार असायचं. दिवस कलला की थंडी भरायची, कंबर मोडून यायची आणि रात्रभर अंथरूण घामानं भिजायचं. दवाखान्यात जाणं व्हायचं सकाळी, तेव्हा ताप नसायचा. टोळीतली माणसं हसू लागली. फडात तो मोळी टाकून खाली बसला की मुंजाजी सगळ्यांदेखत त्याला नाही नाही ते बोलायचा.

"आबा, मी सोंग न्हाई करायलो," तो म्हणायचा.

दिवाळीला त्यानं बहिणीला विचारलं होतं, "धुरपते, तुला तरी खरं वाटतंय का?" तिनं मान हलवली, पण तिच्याही मनात शंका होतीच. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत रामकिशन गेला. काळीज थकलं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

धुरपता पुढं परभणीतच जनावरांची डॉक्टरकी शिकू लागली. वर्गात मुली दोनच. एके दिवशी सर शेळ्या गाभडण्याचा, करडू पोटातच मरण्याचा रोग शिकवत होते. ते सहज म्हणाले, "अशी शेळी हातानं सोडवणाऱ्या माणसालाही हा रोग होतो. संध्याकाळी ताप, कंबरदुखी, घाम. पुष्कळदा ओळखूच येत नाही." धुरपताच्या हातातला पेन थांबला. त्यानंतर प्रयोगशाळेत दिवे लागायच्या वेळेला ती एकटी असली की मागं कुणीतरी धपकन खाली बसल्यासारखं वाटायचं. ती वळून बघायची. कुणी नसायचं.

पदव्युत्तर शिक्षण संपवून ती तिथंच संशोधन सहायक झाली. विभागाचे प्रमुख दिनकरराव भले माणूस, पण त्यांचं काम कोंबड्यांवर होतं. तिनं माणसांचं रक्त तपासायचं काढलं, तसे ते म्हणाले,

"माणसांचा ताप आपला विषय नाही, धुरपता. माझ्या कामात राहा, तुझं नाव होईल."

"सर, शेळीचं रक्त मी तपासते. मग शेळी राखणाऱ्याचं का नको?"

"तुझ्या जबाबदारीवर कर," ते म्हणाले. मात्र पुढच्याच आठवड्यात त्यांनी फ्रीजमधला एक कप्पा तिला रिकामा करून दिला, आणि सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांशी गाठही घालून दिली.

सुट्टीच्या दिवशी ती बर्फाचा थर्मास घेऊन कधी झरीला, कधी मानवतकडं जायची. नामांतराच्या दंगलीनंतरची ती वर्षं; बंद पुकारला की एस.टी. अर्ध्या वाटेत थांबायची, बर्फ वितळायचा आणि सगळे नमुने वाया जायचे. "बकऱ्याची डाक्टरीण माणसाचं रगत कशाला नेती?" म्हणून बायका दार लावून घ्यायच्या. तरी नमुने जमत गेले. रक्तातलं पाणी काचेवर घ्यायचं, त्यात गुलाबी औषधाचा थेंब मिसळायचा. रोग असला तर थेंबात बारीक कणी धरते. कणी धरलेल्या काचा वाढत चालल्या.

अठ्ठ्याऐंशीत तिलाच ताप भरू लागला. सांजेला. तिनं स्वतःचं रक्त काचेवर घेतलं, काच हलवली, आणि गुलाबी थेंबात तिच्या डोळ्यांदेखत कणी धरली. भीती वाटायच्या आधी तिच्या मनात आलं, दादाची कंबर अशी दुखत होती.

मुंजाजी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होता. ऊन उतरलं आणि तिचे दात वाजू लागले. म्हातारा खाटेपासून मागं सरकला.

"त्याला बी असंच व्हायचं," तो म्हणाला. मग तिचं पांघरूण वर ओढत, "धुरपते, त्यो खरंच आजारी होता का गं?"

दादाच्या रक्ताचा थेंबही कुठं उरलेला नव्हता. जे तपासलं नाही ते ठाम सांगायचं नाही, हेच ती इतकी वर्षं शिकली होती.

"आजारी होता, आबा. ह्योच आजार होता का, ते आता कुणालाच कळायचं न्हाई. पन सोंग नव्हतं."

मुंजाजीनं धोतराचा सोगा तोंडाशी धरला.

कित्येक आठवडे औषधं घेऊन धुरपता बरी झाली. या कामावरचा तिचा शोधनिबंध छापून आला. नव्वदमध्ये तिला स्वतःच्या नावानं प्रकल्प मिळाला, विभागाच्या मागच्या बाजूची एक खोली आणि एक सूक्ष्मदर्शक. आता कुणाच्या विषयात राहायची गरज उरली नाही. मुंजाजी गावोगाव तिच्यासोबत हिंडायचा. आधी स्वतःचा दंड उघडा करायचा आणि लोकांना म्हणायचा, "द्या रगत. लय दुखत न्हाई."

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात झरीचा पंडित भेटायला आला. विशीतला पोरगा. महिनोन्‌महिने तापानं झिजलेला, तिच्या तपासणीत रोग सापडल्यावर औषधानं आता धडधाकट झालेला. येताना गूळ घेऊन आला. धुरपतानं त्याला जेवायला बसवलं. त्यानं दोन भाकरी संपवल्या आणि तिसरी मागून घेतली. "आता सकाळपासनं सांजपोतर नांगरायलोय, ताई!" तो हसत म्हणाला.

शेजारी बसलेल्या मुंजाजीच्या हातातला घास तसाच राहिला. तो उठला, हात न धुताच अंगणात गेला आणि भिंतीला धरून उभा राहिला. पंडित घाबरून म्हणाला, "माझं काई चुकलं का?"

"न्हाई रे," धुरपता म्हणाली. "तू जेव."