गवंडी ट्युनची रोमन बाटली

गेरेओन एफर्ट्सनं चाळीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या आणि चार पैसे सुटले की ते रोमन काचेत घातले. काच म्हणजे काय, तर फुटकी वाटी, बिनदांड्याचा चंबू, तोंड उडालेली तेलाची कुपी. चांगला माल व्यापाऱ्यांनी उचलला की उरलेला गाळ लिलाववाले एका खोक्यात भरतात. ते खोकं गेरेओनचं. बायको वैतागून गेली ती गेलीच. जाताना म्हणाली, "दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बायांच्या बाटल्या पुसत बसतोस, आणि माझ्याकडे बघायला तुला वेळ नाही!" त्यात खोटं काही नव्हतं.

हे वेड बापापायी. बाप, ट्युन, गवंडी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतलं कोलोन, मुळात रोमनांनी वसवलेलं शहर, पुन्हा उभं राहत होतं, आणि पाया खणला की रोमन थडगं लागायचं. सरकारला कळवलं की काम बंद, मजुरी बुडाली. मग कळवतंय कोण? शहरातल्या निम्म्या कपाटांत तो माल आहे. लिलावाच्या कॅटलॉगात त्याला 'जुन्या ऱ्हाइनी संग्रहातून', म्हणजे ऱ्हाइन नदीकाठच्या कुणाच्या तरी संग्रहातून, असं म्हणतात. वाचणाऱ्याला वाटावं, कुणी सरदारबिरदार असेल. असतो कुणाचा तरी आजोबा, जेवणाच्या डब्यात बटाट्याच्या सॅलडखाली कुपी दडवून ट्रामनं घरी आलेला.

ट्युनचीही एक होती. बोटभर उंच, निळसर, पोटाला पीळ. रविवारी जेवणं झाली की ती टेबलावर यायची, आणि मुकादम दोन हात अंतरावर उभा असताना आपण ती कशी लांबवली हे बाप रंगवून सांगायचा. बाप गेल्यावर बाटली थोरल्या बहिणीकडे, बिल्लाकडे राहिली.

यंदा मार्चच्या लिलावाचं कॅटलॉग चाळताना गेरेओनला तीच बाटली दिसली. क्रमांक दोनशे चौदा, जुन्या ऱ्हाइनी संग्रहातून. त्याच्या डोक्यात तिडीकच गेली. त्यानं फोन लावला.

"बिल्ला, हा संग्रह कुणाचा गं? तुझा?"

"दात बसवायचेत मला. बाटलीनं चावता येत नाही."

"बाबांची आहे ती!"

"मग घे विकत. तुला सवयच आहे."

काहीही झालं तरी बाटली परक्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, असं ठरवून गेरेओन लिलावात गेला. बाझलच्या एका व्यापाऱ्यानं त्याला चार बोल्यांत गारद केलं. हातोडा वर गेला आणि गेरेओन ताडकन उठला. "थांबा! चोरीचा माल आहे! माझ्या बापानं चोरलाय, छप्पन साली, सेव्हेरिनच्या वस्तीतल्या खड्ड्यातून!"

'चोरी' हा शब्द तिथं आजवर कुणी काढला नव्हता. निम्मी माणसं खाली मान घालून आपापले बूट बघायला लागली. "गाढवा, बस खाली!" मागून बिल्ला खेकसली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. घाम पुसत लिलाववाल्यानं दोनशे चौदा नंबर मागे घेतला आणि बाटली तपासणीसाठी शहराच्या पुरातत्त्व कचेरीत गेली.

तीन आठवड्यांनी बहीणभावाला तिथून बोलावणं आलं. "घेऊन जा," तिथल्या तज्ज्ञ ओव्हराथबाई म्हणाल्या. "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची नक्कल आहे. इतकी छान की लिलाववालेही फसले. तुमच्या वडिलांनी काहीही चोरलेलं नाही." बाईंना वाटलं, आपण आनंदाची बातमी देतोय.

बाहेर आल्यावर गेरेओन पायरीवरच बसला. बिल्ला शेजारी टेकली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आईनं सांगितलेलं. बाबांच्या कामाच्या टोळीतल्या प्रत्येकाला काही ना काही सापडलं. कुणाला दिवा, कुणाला नाणी. एकट्या बाबांना सहा वर्षं खणून काही नाही. एक दिवस तू शाळेतून आलास आणि विचारलंस, सगळ्यांच्या बाबांनी आणलंय, तुम्ही काय आणलंत? दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या बाजारातून ही आणली."

गेरेओनला असं काही विचारल्याचं आठवेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरळमार्गी बापाला त्यानं भर लिलावात चोर ठरवलं होतं.

"आणि ठाऊक असून तू ही विकायला काढलीस?"

"बाझलवाला घेत होता की! तुला कुठं बघवतंय!"

दोघं नेहमीच्या गुत्त्यात गेली. "चोराचा पोरगा आला रे!" कुणीतरी ओरडलं. वेटरनं न विचारताच दोन ग्लास आदळले. कोपऱ्यात नव्वदीचा ड्रिकेस बसला होता, ट्युनच्या टोळीतला शेवटचा उरलेला गवंडी.

"काय म्हणाली कचेरी?" त्यानं विचारलं. "आम्हाला तर तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. ट्युन आणि चोरी? छे!"

गेरेओननं एक घोट घेतला. "अस्सल निघाली. पण इतकी वर्षं झाली, आता राहू दे तुमच्याकडेच, म्हणाले."

बिल्लानं टेबलाखालून त्याला लाथ घातली.

"म्हणजे खरंच?" ड्रिकेसचा चेहरा फुलला. "आणि आम्ही त्याला साधाभोळा समजत होतो! चोर साला!" त्यानं ट्युनच्या नावानं ग्लास उचलला. मागोमाग सगळ्या टेबलांवरचे ग्लास वर गेले.

गेरेओनचे डोळे भरून आले. "पट्टीचा," तो म्हणाला. "पट्टीचा चोर होता माझा बाप."